तळघरातील चार रोपे

गेल्या महिन्यात आमच्या समूहाची प्रार्थनासभा आटोपली, चहा झाला आणि उठता उठता एका मातेने एक प्रश्न विचारला. तिचा मुलगा कॅनडात, टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला शिकायला गेला आहे. तेथे तो एका घराच्या तळघरात दुसऱ्या एका मुलाबरोबर भाड्याने राहतो. त्या सोबत्याने तळघराच्या कोपऱ्यात कपाटाएवढा एक काळा तंबू उभारला आहे आणि त्यात एलईडी दिव्यांखाली गांजाची चार रोपे वाढवली आहेत. घरमालकाला ठाऊक आहे, त्याची हरकत नाही. सुट्टीत सोबती दोन आठवड्यांसाठी आपल्या घरी गेला. जाताना म्हणाला, "एक दिवसाआड पाणी घाल." मुलाने घातले. मग फोनवर सहज आईला सांगितले आणि आईची झोप उडाली. तिचा प्रश्न साधा होता: "त्याने पाप केले का?"

खोलीत एकदम गलका झाला. एक जण म्हणाले, आधी त्याला ती खोली सोडायला सांगा, पोलीस आले तर दोघांनाही नेतील. दुसरे हसले, "दोन मग पाण्याने काय होते?" चहाचे कप पुन्हा भरले गेले आणि घरी जायला आम्हाला साडेदहा वाजले. त्या रात्री जे बोलणे झाले आणि पुढे आम्ही जे वाचले, विचारले, ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटले. कारण आपल्या धर्मग्रामातील किती मुले आज परदेशात अशा तळघरांत राहतात हे आपण सारे जाणतो.

पोलिसांची भीती आधी बाजूला ठेवू. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. ब्रॅम्प्टन ज्या ऑन्टारियो प्रांतात आहे तेथे एकोणीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला घरी चार रोपे लावता येतात. चार म्हणजे माणशी नव्हे, घरटी चार. त्या घरात पाच प्रौढ राहत असले तरी चारच. पाचवे रोप बेकायदेशीर. पिकवलेला माल विकायचा नाही आणि अल्पवयीनांना तर मुळीच द्यायचा नाही, त्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. क्वेबेक प्रांताने घरी लागवडीला बंदी घातली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. जर्मनीनेही १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढाला तीन रोपांची मुभा दिली. आपल्याकडे मात्र १९८५ च्या कायद्यानुसार वाडीच्या कोपऱ्यात एक रोप लावले तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रोप तेच, पाणी तेच. म्हणजे पोलीस येतील की नाही याचे उत्तर देशागणिक बदलते. त्या आईने तो प्रश्न विचारलाच नव्हता.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली आणि खरे तर त्यामुळेच आमची चर्चा रंगली. मुलाला ते पाणी घालणे आवडले! बाहेर परका मुलूख, कॉलेज आणि गोदामातली रात्रपाळी. त्यात तो तंबू उघडला की आत लख्ख उजेड, हिरवी पाने आणि ओल्या मातीचा वास. एका रोपाची खालची पाने पिवळी पडलेली दिसली तेव्हा त्याने कुंडीत बोट घालून पाहिले, पाणी जास्त झाले होते, म्हणून दोन दिवस थांबला. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याचे आजोबा पानवेलींना पाणी देताना असेच करीत. आई म्हणाली, "पोराच्या हातात वाडी आहे हो, पण ती गेली कुठे बघा!"

आपण बागायतदारांची लेकरे, म्हणून त्या तंबूविषयी थोडे सांगितले पाहिजे. नाताळात आपण वेदीजवळ पॉइन्सेटियाच्या कुंड्या ठेवतो. तिची पाने लाल होतात ती रात्री लांबल्यावर. रस्त्यावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडला तर ती हिरवीच राहते. शेवंतीही रात्र मोठी झाली की कळ्या धरते. गांजाचे झाड त्याच जातकुळीचे. अठरा तास उजेड दिला तर ते नुसते वाढत राहते. बारा तास उजेड आणि बारा तास गडद अंधार दिला की त्याला वाटते दिवाळी सरली, आता फुलायला हवे. मग मादी झाडाला तुरे येतात आणि त्या तुऱ्यांचाच गांजा होतो. म्हणून तो काळा तंबू आणि म्हणून दिव्याला टायमर. ऋतू खोटा, दिवस खोटा, रात्रही खोटी. एकटे झाड तेवढे खरे.

पूर्वी यासाठी सोडियमचे सहाशे किंवा हजार वॉटचे दिवे लागत. ते इतके तापत की खोली थंड करायला वेगळी वीज जाळावी लागे. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल २०१४ मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळेच पांढरा एलईडी शक्य झाला आणि आज आपल्या चर्चमध्ये, घरात, रस्त्यावर तोच उजेड आहे. तोच पुढे या तंबूतही पोहोचला. दिव्याला काय त्याचे?

आता पापाकडे वळू. दुसऱ्याच्या चुकीच्या कामाला आपला हात लागला तर दोष कितपत, हा प्रश्न ख्रिस्तसभेत फार जुना आहे. त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मालक दुष्ट हेतूने रात्री दुसऱ्याच्या घराच्या खिडकीत चढतो आणि नोकर त्याला खांदा देतो. नोकर म्हणतो, मी फक्त खांदा दिला, नाही दिला तर नोकरी जाईल. अशा नोकराचा मोठा दोष नाही, हे मत १६७९ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी फेटाळले. पुढच्या शतकात संत आल्फॉन्सस लिगुरी यांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला. हेतूत सामील होणे वेगळे आणि हेतू आपला नसताना नुसता हात लागणे वेगळे, असा भेद त्यांनी केला. हात लागला तरी पाहायचे: ते काम मुळात वाईट आहे का, आपला हात कितपत जवळचा आहे आणि तसे करण्यासारखे कारण आपल्यापाशी होते का.

झाडाला पाणी घालणे मुळात वाईट नाही. मुलाला गांजा ओढायचा नाही, विकायचा नाही. येथवर तो नोकराच्या पुष्कळ अलीकडे उभा आहे. पण कारण कोणते? सोबत्याला वाईट वाटू नये, एवढेच. ते कारण अगदीच क्षुल्लक नाही. परक्या देशात तापाने फणफणला असताना त्याच सोबत्याने त्याला डॉक्टरकडे नेले होते.

आपल्या धर्मशिक्षणग्रंथात (१९९२) मादक द्रव्यांविषयी स्पष्ट शब्द आहेत. औषधोपचाराव्यतिरिक्त त्यांचे सेवन हा गंभीर अपराध आहे, आणि त्यांचे चोरटे उत्पादन व व्यापार म्हणजे दुष्कृत्याला प्रत्यक्ष हातभार. आमच्यातील एका तरुण शिक्षिकेने 'चोरटे' या शब्दावर बोट ठेवले. "हे तर चोरटे नाही, मग?" प्रश्न बरोबर होता. पण सेवनाविषयीचे वाक्य आधी येते आणि त्यात कायद्याचा उल्लेख नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१४ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये सांगितले होते, की असे पदार्थ कायदेशीर केल्याने व्यसन आटोक्यात येत नाही. औषधाची बाजू मात्र खरी आहे आणि ती आपण नाकारू नये. या झाडातील एका द्रव्यापासून केलेले औषध काही दुर्मीळ प्रकारच्या अपस्मारावर दिले जाते, आणि अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. तळघरातला सोबती काही त्यासाठी रोपे लावत नव्हता. तो शनिवारी रात्री मित्रांबरोबर ओढतो. कोवळ्या वयात, नेमाने आणि आजच्यासारखा तीव्र गांजा ओढला तर मनोविकाराचा धोका वाढतो, याविषयी डॉक्टरांत आता फारसे दुमत नाही. त्या मित्रांत एक जण जेमतेम एकोणीस वर्षांचा आहे.

यावर एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हा सर्वांना गप्प केले. ते म्हणाले, "माझ्या बापाने जन्मभर पान पिकवले. वसईचे पान रेल्वेने पार दिल्लीपर्यंत जाई. त्या पानात लोक तंबाखू घालून खात, हे त्याला माहीत नव्हते? त्या पैशावर मी शिकलो. आणि आपल्या लग्नांत पहाटेपर्यंत काय वाहते ते सांगू का?" कोणी काही बोलले नाही. पान आणि गांजा एक नव्हेत, हे आम्हाला पटते. पान तंबाखूशिवायही खाल्ले जाते, ते ओवाळणीच्या ताटात असते, सुपारीच्या मानात असते. तळघरातल्या त्या तुऱ्यांना दुसरे कामच नाही. तरी त्या आजोबांचा टोला आम्हाला लागला तो लागलाच. दुसऱ्याच्या तंबूत डोकावताना आपल्या मांडवाकडे पाठ असते.

आमच्यात वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते इतका वेळ नुसते ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "बिल कोण भरतो?"

आईला ठाऊक नव्हते. तेथल्या तेथे फोन लावला. ब्रॅम्प्टनला दुपार होती. मुलगा म्हणाला, वीज भाड्यात धरलेली नाही, बिल दोघांत निम्मे निम्मे. काकांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. दिवा तीनशे वॉटचा. अठरा तास जळला तर दिवसाला ५.४ युनिट, असा महिना धरला तर १६२. पुढे बारा तासांप्रमाणे ३.६ युनिट, असे दोन महिने म्हणजे २१६. एका पिकाला ३७८ युनिट, पंखा वेगळा. त्यातले निम्मे या मुलाचे. गेले आठ महिने तो दोन मग पाण्याच्या कितीतरी पट त्या रोपांना देत होता, खिशातून, न पाहता. आणि आम्ही दीड तास पाण्यावर वाद घालत होतो!

पाणी घालताना निदान त्याने रोपाकडे पाहिले होते आणि मनात काहीतरी खटकले म्हणूनच आईला सांगितले होते. बिल तर मोबाईलवर यायचे आणि एका बोटाने जायचे. आम्हाला वाटते, त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. मुलाने गंभीर पाप केले असे आम्ही म्हणणार नाही, आणि ते ठरवणे आमचे कामही नाही. त्यासाठी पापनिवेदन आहे, फादर आहेत. पण कायद्याची परवानगी आहे हे कळल्यावर त्याचा स्वतःशी चाललेला विचार तेथेच थांबला होता. सरकारने त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकले होते. करिंथ शहरात मूर्तींना वाहिलेल्या मांसावरून वाद झाला तेव्हा संत पौलाने मांसाची चर्चा थोडक्यात आटोपली. खाण्याची मुभा आहे हे त्याने मान्य केले आणि लगेच बोट दाखवले ते शेजारी बसलेल्या दुबळ्या भावाकडे. तळघरात हा भाऊ कोण? तो एकोणीस वर्षांचा मित्र असेल, किंवा सोबतीच असेल. या मुलाने त्याला आजवर एका शब्दाने विचारले नव्हते, की तू हे रोज का ओढतोस?

खोली सोड, असे आम्ही सांगितले नाही. त्या भाड्यात दुसरी खोली मिळायची नाही आणि सोबत्याला सोडून जाण्यात कोणाचे भले आहे, हेही आम्हाला दिसले नाही. काकांनी सुचवले, प्लगमध्ये लावायचे छोटे मीटर मिळते; दिव्याची वीज त्यावर मोजावी आणि ती ज्याची त्याने भरावी. पाण्याविषयी आमचे एकमत झाले नाही. बहुतेकांना वाटले, पुढच्या वेळी 'नाही' म्हणावे आणि का ते सांगावे. दोघा-तिघांना वाटले, मैत्री टिकली तर बोलता येईल, तेव्हा पाणी घालावे आणि बोलावे. आम्ही स्वतः पहिल्या मताचे. पण दुसरे मत मांडणाऱ्यांत ती तापातली गोष्ट ठाऊक असलेली आईही होती, हे नमूद केले पाहिजे.

मीटर लागले आहे. सोबत्याने कुरकूर केली नाही; उलट म्हणाला, आधीच सांगायचेस. नाताळात तो पुन्हा घरी जाणार आहे आणि त्याने पाण्याचे विचारलेही आहे. मुलाने काय उत्तर दिले, ते अजून आईला सांगितलेले नाही. मात्र गेल्या रविवारी त्याने फोनवर विचारले, की आपल्या मिरचीला दिवसाला किती तास ऊन लागते. आई म्हणाली, "वाडीत कोण मोजत बसलंय रे?"