सात नव्या पैशांचा पक्षकार

फैजपूरच्या बसस्थानकाजवळ पहाटेच्या अंधारात वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरतात, सुतळी सुटते, पुरवण्या अंकांत घातल्या जातात, आणि ज्याच्या बागेतली केळी कापणीला आली आहे असा शेतकरी मथळ्यांकडे ढुंकूनही न पाहता प्रथम भावांचा रकाना गाठतो. त्या रकान्यातला आकडा रात्रपाळीत कोणी बसवला, आणि त्याच्या वेतनकराराची मुदत संपून किती दिवस लोटले, हे विचारण्याचे त्याला प्रयोजन पडत नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही बरीच वर्षे पडले नव्हते.

वर्तमानपत्राच्या कचेरीत तंटा उभा राहिला म्हणजे मात्र दोन्ही बाजूंना या वाचकाची एकाएकी आठवण होते. पगार वाढले तर अंकाची किंमत वाढेल आणि वाचक तुटेल, असे मालक म्हणतो. पोटाला चिमटा घेऊन लिहिलेला मजकूर वाचकाच्या काय कामाचा, असे कर्मचारी विचारतो. आणि ज्याच्या नावाने ही कैफियत गुदरली जाते तो गृहस्थ साक्षीलासुद्धा हजर नसतो.

तो कधीच हजर नव्हता असे मात्र नाही. 1960 साली केंद्र सरकारने पृष्ठसंख्या आणि किंमत यांची सांगड घालणारा हुकूम काढला, तेव्हा सात नव्या पैशांत आठवड्याच्या सहा दिवसांना मिळून चौतीस पाने देणाऱ्या पुण्याच्या ‘सकाळ’पुढे पाने कापावीत की किंमत चढवावी असा पेच पडला. ‘सकाळ’चे चालक सर्वोच्च न्यायालयात गेले, हे स्वाभाविकच, परंतु त्यांच्या जोडीने दोन सामान्य वाचकांनीही स्वतंत्र अर्ज दाखल केले. सप्टेंबर 1961 मध्ये न्यायालयाने तो हुकूम आणि त्यामागचा कायदा घटनाबाह्य ठरवला. मला त्या निकालापेक्षा ते दोन वाचक अधिक विचारात पाडतात. पाने कमी झाली तर आपलेही काही हिरावले जाते, हे ज्यांना इतके स्पष्ट कळले, त्यांच्यासारख्यांना ती पाने भरणाऱ्या हातांचा तंटा परक्याच्या घरचा का वाटावा?

‘आपल्या चार पैशांनी काय होणार’ हे वाचकाचे नेहमीचे उत्तर. वेतनाचा तंटा मात्र शेवटी पैशांपाशीच येतो. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्यान्वये नेमलेल्या दिवेटिया वेतनमंडळाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये रद्द केला, तो धंद्याच्या ऐपतीचा विचार मंडळाने केला नाही म्हणून. पण वर्तमानपत्राची ऐपत म्हणजे तरी काय? वाचकाच्या पैशातून पुष्कळदा कागदाचाही खर्च निघत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतो, आणि तो उचलतो खपाचा आकडा पाहून. म्हणजे वाचकाच्या नाण्याला वजन नसले तरी त्याच्या मोजदादीला आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात 1995 साली दोन दैनिकांच्या सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांनी संप पुकारला, तेव्हा असंख्य कुटुंबांनी अंक बंद केले, घरापुढच्या हिरवळीवर तशा पाट्या रोवल्या, आणि खप दाणकन कोसळला. तरीही 1997 मध्ये संघटनांना बिनशर्त कामावर परतण्याची तयारी दाखवावी लागली, हेही विसरून चालणार नाही.

फैजपूरला मजुराच्या बाजूने उभे राहण्याचे धडे परक्या मुलखातून आणण्याची गरज नाही. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर 1936 मध्ये येथेच, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली झाले, आणि शेतमजुराला निर्वाहापुरते वेतन मिळावे, किसान संघांना मान्यता असावी, या मागण्या त्याच्या शेतीविषयक ठरावात नमूद झाल्या. त्या ठरावाची बातमी कुठल्याशा छापखान्यात रात्री जागून जुळाऱ्यांनी खिळ्याखिळ्याने उभी केली असणार. त्यांच्या निर्वाहाबद्दल मात्र ठराव बोलत नव्हता.

तेव्हा अंक बंद करावा काय? माझे मत असे, की संपावर गेलेल्यांनी स्वतः हाक दिली तरच करावा. आपल्या मर्जीने दाखवलेली सहानुभूती पुष्कळदा भलत्याच्याच अंगावर पडते. एकदा अशाच एका तंट्याच्या दिवसांत मी आमच्या विक्रेत्याजवळ अंक थांबवण्याची गोष्ट काढली. सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळीत तो म्हणाला, “बंद करायचा तर करा भाऊ, पण महिना पुरा होऊ द्या. माझा करार ना त्यांच्याशी, ना तुमच्याशी.” मी महिन्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवले, अंकाचे काय करायचे, हे मात्र त्या सकाळी ठरले नाही.