गप्प राहिलो, खोटे बोललो नाही



"फादर, मी खोटे काहीच बोललो नाही. त्यांनी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही." घेण्या-विकण्याच्या गोष्टी निघाल्या की हे वाक्य कधी ना कधी कानावर पडते. बोलणाऱ्याला ते अगदी बरोबर वाटते, ऐकणाऱ्यालाही लगेच उत्तर सुचत नाही. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा तर मोडलेली दिसत नाही. मग मनात काहीतरी टोचत का राहते? आज या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

समजा, एका गृहस्थाची मोटारगाडी पावसाळ्यात सीटपर्यंत पाण्यात उभी होती. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत आणि जुलै २०१८ मध्ये आपल्या वसईत पाण्यात बुडालेल्या गाड्या आपण डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या गृहस्थाने गाडी वाळवली, ऑईल बदलले, सीटला नवी कव्हरे घातली, पॉलिश केले. गाडी सुरू होते, चालते. मग शेजारच्या गावातील एक तरुण ती बघायला येतो. त्याचा फुलांचा धंदा आहे, पहाटे माल घेऊन निघावे लागते. एक फेरी मारून बघतो, गाडी आवडते. पतपेढीचे कर्ज काढून तो दोन लाख रुपये मोजतो. पाण्याचा विषय कोणी काढत नाही.

तीन महिन्यांनी वायरिंग दगा देऊ लागते. कधी काच खाली होत नाही, कधी इंडिकेटर लागत नाही. एके पहाटे महामार्गावर पुढचे दोन्ही दिवे एकदम विझतात. देवाच्या कृपेने तो वाचतो. गॅरेजवाला गाडीतला गालिचा उचलतो, तर खाली वाळलेला चिखल! तरुण विकणाऱ्याकडे जातो. उत्तर मिळते, "गाडी पाण्यात गेली नव्हती असे मी कधी म्हणालो?" हताश होऊन तरुण मनाशी ठरवतो, "मीही धुऊन-पुसून ही कोणाच्या तरी गळ्यात मारतो."

उदाहरण कल्पित आहे, पण अनोळखी वाटू नये. त्यात दोन प्रश्न आहेत. विकणाऱ्याचे मौन निर्दोष आहे का? आणि जो फसला, त्याला तोटा पुढे ढकलण्याचा हक्क आहे का?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपला करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या १७व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितले आहे. दोष माहीत असून तो मुद्दाम झाकणे ही फसवणूक होय. परंतु नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक नव्हे, असेही तेथे म्हटले आहे. उदाहरण घोड्याचे आहे. एकाने लिलावात सदोष घोडा विकला व दोषाविषयी काही बोलला नाही, तर ती फसवणूक ठरत नाही. मात्र घेणारी व्यक्ती त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला, 'तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा निरोगी समजतो,' तर तेथे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच धरले जाते.

उलट, जमीन किंवा घर विकताना १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा अधिक मागतो. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे. म्हणजे घराच्या बाबतीत जे मौन चुकीचे, तेच मोटारीच्या बाबतीत चालून जाऊ शकते. न्याय जर एकच असेल, तर वस्तूला चाके असल्यामुळे तो बदलतो कसा?

हा वाद ख्रिस्ताच्या जन्माआधीपासून चालत आला आहे. सिसेरो या रोमन विचारवंताने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात दोन तत्त्वज्ञांचे मतभेद मांडले आहेत. त्यातील डायोजेनिस हा गुरू, तर अँटिपाटर हा त्याचा शिष्य. प्रश्न एका घराचा होता. ते रोगट आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजले आहे, आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. गुरूचे मत असे, की कायद्याने सांगायला लावले तेवढे सांगावे व खोटे बोलू नये, इतके पुरे. गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे. शिष्याचे मत असे, की वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जर वाईट, तर माणसाला जाणूनबुजून नुकसानीत पडू देणे त्याहून वाईट. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. पुढे चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनीही विकाऊ वस्तूचे दोष उघड करायला हवेत अशीच शिकवण दिली.

या प्रश्नाची सर्वांत नेटकी उकल संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात केली. तेही घोड्याचेच उदाहरण घेतात. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर तो दोष घेणाऱ्याला दिसतो. अशा वेळी विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर दोष तोंडाने सांगितलाच पाहिजे असे नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याला नुकसान किंवा धोका संभवत असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे. नुकसान म्हणजे लंगडा घोडा वेगवान म्हणून घेतला जाणे. धोका म्हणजे मोडकळीला आलेले घर भक्कम म्हणून घेतले जाणे.

आपल्या मोटारीला हे माप लावून बघा. बंपरवरचा ओरखडा, झिजलेले टायर, फाटलेले सीट हे एका डोळ्याचे घोडे झाले. घेणाऱ्याने बघावे, भाव करावा. परंतु पाण्यात बुडालेले वायरिंग, अपघातात वाकलेली व सरळ करून रंगवलेली चॅसिस, मागे फिरवलेला किलोमीटरचा काटा या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतल्या काही तर जिवावर बेतू शकतात. येथे 'त्यांनी विचारले नाही' ही सबब टिकत नाही. जी गोष्ट असेल असे मनातही येत नाही, तिच्याविषयी माणूस विचारणार तरी कसा? आणि चिखलावर नवा गालिचा अंथरणारा माणूस गप्प राहिलेला नाही. तो गालिच्याच्या तोंडून बोलला आहे. असे जाणूनबुजून झाकणे कायद्यालाही मान्य नाही.

कोणी म्हणेल, "फादर, असे सगळे सांगत बसलो तर गाडी विकलीच जाणार नाही." संत थॉमस यांनी या शंकेचाही विचार केला आहे. दोषाची दवंडी पिटा असे ते म्हणत नाहीत. दवंडी ऐकून कोणी फिरकणारच नाही आणि वस्तूचे चांगले गुणही कोणी बघणार नाही. जो घ्यायला येतो, त्या एकट्याला सांगावे. मग तो गुण-दोष तोलून ठरवील. दाराला 'बुडालेली गाडी' अशी पाटी लावण्याची गरज नाही. समोर बसलेल्या माणसाला, पैसे हातात घेण्याआधी सांगा. 'आहे त्या स्थितीत विकली' असे कागदावर लिहून घेतल्यानेही हे कर्तव्य टळत नाही. जे दोष दोघांनाही माहीत नाहीत त्यांची जोखीम वाटून घेण्यासाठी ते वाक्य ठीक आहे. जे एकालाच माहीत आहेत त्यांवर पांघरूण घालण्यासाठी ते नाही.

न्यायाची बाजू एकतर्फी नसते. घेणाऱ्यालाही कर्तव्ये आहेत. नीतिसूत्रांच्या पुस्तकात (२०:१४) एक गिऱ्हाईक भेटते. ते माल वाईट, माल वाईट म्हणत भाव पाडते आणि घरी जाताना मात्र फुशारकी मारते. हेही खोटेच आहे. विकणारी विधवा असेल, पतीच्या गाडीची खरी किंमत तिला ठाऊक नसेल, तर तिच्या अज्ञानाचा फायदा घेणारा चोरीच्या जवळ जातो. पितळ समजून कोणी सोने विकत असेल तर घेणाऱ्याने फरक परत केला पाहिजे, असे संत थॉमस स्पष्ट सांगतात. आणि गाडी घेतल्यावर आर.सी. बुकावर आपले नाव लावून घ्या. फॉर्म २९ आणि ३० भरून आर.टी.ओ.त देण्याचा कंटाळा करू नका. नोंद जुन्या मालकाच्या नावावर राहिली आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. आपल्या आळसाने दुसऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागणे हाही अन्यायच होय.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक कठीण वाटतो. फसलेल्या तरुणाने काय करावे? हप्ते त्याला फेडायचे आहेत. घरी लहान मुले आहेत. पाप दुसऱ्याने केले, भुर्दंड त्याला का? त्याचा राग खरा आहे आणि तो राग न्यायाचा आहे. त्याला 'जाऊ दे, देव बघून घेईल' असे सांगणे मला सोपे आहे, पण ते पुरेसे नाही.

तरीसुद्धा एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. त्याचे येणे आहे, पण ते कोणाकडून? ज्याने फसवले त्याच्याकडून. उद्या गाडी बघायला येणाऱ्या तिसऱ्या माणसाने त्याचे काहीच घेतलेले नाही. माझा खिसा एकाने कापला म्हणून मला दुसऱ्याचा खिसा कापण्याचा हक्क मिळत नाही. शिवाय दुसऱ्यांदा ही गाडी गप्प राहून विकणे हे पहिल्यापेक्षा अधिक गंभीर आहे. पहिल्या मालकाला वाटले असेल, 'गाडी चालते आहे, काही होणार नाही.' या तरुणाने तर महामार्गावर दिवे विझताना स्वतः पाहिले आहेत. आता जो घेईल, त्याच्या शेजारी कदाचित त्याची आई बसलेली असेल.

मग वाट कोणती? प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात (१८:१५-१७) ती टप्प्याटप्प्याने दाखवली आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा. तो ऐकत नसेल तर एक-दोन साक्षीदार घेऊन जा. तरीही ऐकत नसेल तर ख्रिस्तसभेला सांग. म्हणून प्रथम गॅरेजवाल्याचे म्हणणे लेखी घेऊन, शांतपणे, एकट्याने जा. मग दोघांनाही मान असलेल्या वडीलधाऱ्याला सोबत न्या. धर्मग्रामात अशी माणसे आहेत, आणि मीही आहे. एवढे करूनही काही झाले नाही तर वकिलाचा सल्ला घेण्यात पाप नाही. क्षमा करणे म्हणजे आपले येणे सोडून देणे नव्हे. मनातला द्वेष सोडून देऊनही हक्काचे पैसे मागता येतात.

आणि सगळे दरवाजे बंद झाले तर? तर गाडी दुरुस्त करावी, किंवा खरे सांगून मिळेल त्या किमतीला विकावी. तोटा होईल. तो तोटा न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. पण कोणाच्या तरी हातात ही साखळी थांबली पाहिजे. ज्याच्या हातात ती थांबते त्याला खर्च येतो, आणि बऱ्याचदा तो निरपराध असतो. वधस्तंभाकडे बघताना आपण हेच बघत असतो. अशा माणसाला एकट्याने हप्ते भरायला लावणे मात्र धर्मग्रामाला शोभत नाही. नातेवाईक, मित्र, शेजारी यांनी थोडा भार उचलला, तर खरे बोलणे त्याला परवडेल. खरेपणा परवडावा अशी परिस्थिती निर्माण करणे हेही प्रेमाचे काम आहे.

शेवटी विकणाऱ्यासाठी चार शब्द. एखाद्याने खरोखरच नकळत सदोष गाडी विकली असेल, तर त्याचे पाप नाही. पण कळल्यावर भरपाईचे कर्तव्य त्याच्यावर येते. ज्याने जाणून विकली, त्याला पापनिवेदनात फक्त 'चुकलो' म्हणून उठता येणार नाही. अन्यायाने घेतलेले परत करणे हा पश्चात्तापाचाच भाग आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. गाडी परत घ्यावी, किंवा खरा दोष माहीत असता तर जी किंमत आली असती तिच्यातला फरक द्यावा. एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्यावा. आणि दोष जिवाला धोका करणारा असेल, तर पैशांचे नंतर बघू, आज संध्याकाळीच फोन करून सांगा, की ती गाडी चालवू नका.

जक्कयाने प्रभूला घरी घेतले त्या दिवशी त्याने नुसते अश्रू ढाळले नाहीत. त्याने हिशेब काढला, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. आपल्याकडे तर चौपट कोणी मागत नाही. फरक तेवढा मागितला आहे. या आठवड्यात ज्याच्या मनात असा एखादा हिशेब टोचत असेल, त्याने तो कागदावर मांडावा आणि ज्याचे देणे आहे त्याचे दार ठोठवावे.

आपला,
धर्मगुरू