खाणीची शांतता
आजचा श्लोक गीता २.७०. नद्या येऊन मिळतच राहतात, तरी समुद्र ढळत नाही, स्थितप्रज्ञ तसा.

आमच्या वाघोलीतल्या दगडाच्या जुन्या खाणींत पाणी साठतं. वरून एकदम शांत. (उतरू नका, कडा सरळ तुटलेल्या असतात.) अशा पाण्यात स्कूबावाले तळाला पाय लागू देत नाहीत. खाली बारीक गाळ बसलेला असतो; एक लाथ बसली की स्वतःचा हातही दिसत नाही.

रविवारी फोन बंद करून जपाला बसलं की मिळते, ती शांती यातली कुठली? मला तरी बऱ्याचदा खाणीतलीच वाटते. वाईट नाही ती. पण भगवंतांनी उपमा समुद्राची दिली, जिथे नद्या गाळासकट येतात. सोमवारी स्टँडअपला कुणाचा आवाज चढला, की आपलं पाणी कसं दिसतं?