दहा दुकानं, एकच वेस

अमेरिकेतल्या मिनेसोटात घरापुढचा बर्फ हटवायला कोणतं यंत्र घ्यावं, याचा सल्ला लातूर किंवा नाशिकच्या एखाद्या खोलीत बसून लिहिलेला असू शकतो. लिहिणाऱ्याने बर्फ पाहिलेला असतो तो फ्रीजमधला. यंत्राला हात लावलेला नसतो, ते चालताना ऐकलेलंही नसतं. तरी लेखात पाच यंत्रांची तुलना असते, गुण-दोषांचे तक्ते असतात आणि प्रत्येकाखाली ॲमेझॉनची लिंक असते. वाचणाऱ्याने तिथून खरेदी केली की लिहिणाऱ्याला दलाली मिळते.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अमेरिकन माणूस इंग्रजी पानावर आला की जाहिरातीचे जे पैसे मिळतात, ते मराठी पानावर मराठी माणूस आल्यावर मिळणाऱ्या पैशांच्या कितीतरी पट असतात. विमा, गृहकर्ज, वकील या विषयांवर तर एकेका क्लिकसाठी जाहिरातदार तिकडे कित्येक डॉलर मोजतात. ज्याच्या गावात नोकरी नाही आणि ज्याला कामापुरतं इंग्रजी येतं, त्याने हा हिशेब केला तर त्यात चूक काय? उलट मला त्या हिशेबाचं कौतुक वाटतं. पासपोर्ट न काढता डॉलर मिळवण्याची वाट त्याची त्यानेच शोधलेली असते.

या धंद्याचे पाये दोन. ॲमेझॉनने 1996 मध्ये दुसऱ्यांच्या साइटवरून आलेल्या खरेदीवर दलाली द्यायला सुरुवात केली. 2003 मध्ये गूगलने ॲडसेन्स आणलं आणि त्याच वर्षी ब्लॉगर ही फुकट ब्लॉग देणारी सेवा विकत घेतली. म्हणजे पान फुकट आणि त्यावरची जाहिरातही आयती. जाहिरातदाराकडून आलेल्या शंभरातले अडुसष्ट लिहिणाऱ्याला मिळायचे, बाकीचे गूगल ठेवायचं. आग्र्याच्या अमित अगरवाल यांनी 2004 च्या सुमारास नोकरी सोडून ब्लॉगिंगवर घर चालवून दाखवलं, तेव्हा आपल्याकडे अनेकांना हे पहिल्यांदा खरं वाटलं. पण घरातल्यांना खरं वाटायला पोस्टमन यावा लागे. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी गूगल पिन नंबराचं कार्ड साध्या टपालाने पाठवतं. शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत, त्यामुळे या धंद्यात घरी येणारी पहिली दृश्य वस्तू म्हणजे तो छोटा कागद. मुलगा दिवसभर लॅपटॉपपुढे बसून करतो तरी काय, या प्रश्नाला पुष्कळ घरांत तोच पहिला पुरावा ठरला असणार.

कामाची रीत ठरलेली आहे. पुष्कळ लोक विचारतात पण ज्याचं धड उत्तर कुणी दिलेलं नाही, असा प्रश्न शोधायचा. विषय जितका अरुंद तितका बरा. गवत कापायच्या यंत्रावर लिहून भागत नाही, उतारावरचं गवत कापायच्या यंत्रावर लिहायचं. यालाच हे लोक ‘निश’ म्हणतात. त्या नावाचं डोमेन घ्यायचं, तीस-चाळीस लेख टाकायचे आणि साइट गूगलच्या निकालांत वर येण्याची महिनोन्‌महिने वाट पाहायची. एक साइट चालली की दुसरी काढायची, मग तिसरी. कारण उतारावरच्या गवताबद्दल माणसं विचारून विचारून किती विचारणार? विषय लहान म्हणून कमाईला मर्यादा येते आणि मर्यादा आली म्हणून संख्या वाढते. शिवाय चाललेली साइट महिन्याच्या नफ्याच्या तीस-चाळीस पटीला विकताही येते. त्यासाठी फ्लिपासारखे बाजार आहेत. एवढं झालं की साइट ही पेरायची, वाढवायची आणि विकून टाकायची गोष्ट होते. आणि सगळ्यांत वरचं कारण भीतीचं असतं. एक बुडाली तर बाकीच्या नऊ तरतील.

मला शंका आहे ती या भीतीच्या उत्तराबद्दल. दहा साइटचे विषय दहा असतील, पण त्यांच्याकडे येणारी माणसं येतात ती एका गूगलमधूनच. गावात दहा दुकानं थाटली आणि गावाला वेस एकच असली, तर वेशीचं दार लागल्यावर किराणा आणि कापड असा भेद उरत नाही. आणि हे दार वारंवार लागलेलं आहे. ‘ईहाऊ’ ही साइट चालवणाऱ्या डिमांड मीडिया कंपनीत कोणत्या विषयावर लिहायचं ते गणित ठरवायचं आणि लेखकाला एका लेखाचे पंधरा-एक डॉलर मिळायचे. जानेवारी 2011 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. पुढच्याच महिन्यात गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल केला, अमेरिकेतल्या सुमारे बारा टक्के शोधांचे निकाल हलले आणि कंपनीची घसरण सुरू झाली. सप्टेंबर 2023 मध्ये आणि मग मार्च 2024 मध्ये असेच मोठे बदल झाले. एका रात्रीत ट्रॅफिक पडलं, असं सांगणाऱ्यांत सगळ्याच्या सगळ्या साइट एकदम पडलेली माणसंही होती. दुसरा पायाही असाच हलला. एप्रिल 2020 मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरसामानावरची दलाली आठ टक्क्यांवरून तीनवर आणली. सोफ्यांवर दोन साइट काढलेल्या माणसाला त्या दुप्पट संख्येचा काय उपयोग झाला असेल?

आता यावर सोयीचं उत्तर असं, की हे लोक वरवरचं लिहीत होते म्हणून बुडाले, कसून लिहिणारे तरले. अर्धं उदाहरण या बाजूने आहे. ब्रायन लॅम यांनी 2011 मध्ये ‘वायरकटर’ सुरू केलं. एका वस्तूवर आठवडेच्या आठवडे चाचण्या करायच्या आणि शेवटी ‘ही घ्या’ एवढं सांगायचं, असा खाक्या होता. कमाई तीच, ॲमेझॉनची दलाली. 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे तीन कोटी डॉलरला विकत घेतलं. पण दुसरं अर्धं उदाहरणही सांगायला हवं. ‘हाउसफ्रेश’ ही छोटी साइट हवा शुद्ध करणारी यंत्रं खरोखर विकत आणून खोलीत चालवून पाहते. तरी फेब्रुवारी 2024 मध्ये तिला जाहीरपणे लिहावं लागलं, की गूगलवर तिच्या डोक्यावर बड्या नियतकालिकांची पानं येऊन बसली आहेत आणि त्यांतल्या कित्येकांनी यंत्र वापरून पाहिल्याची काही खूण दिसत नाही. तेव्हा वेशीवरचा पहारेकरी न्यायी आहे, असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानेच शोधाच्या बाजारात गूगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला.

मग जाहिरातीवर जगणंच वाईट का? मराठी माणसाने हा सोवळेपणा करू नये. आपले दिवाळी अंक जाहिरातींवरच उभे आहेत. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ने ती प्रथा पाडल्यापासून साडीची आणि सोन्याची पानं कथेच्या पानांचा खर्च भागवत आली आहेत. एकाच्या हाती अनेक प्रकाशनं असणं हेही नवं नाही. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याने 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, ते गिऱ्हाईक आणि विक्रेत्यांना कारखान्याची माहिती कळावी म्हणून. आजच्या भाषेत ते निव्वळ मार्केटिंग होतं. पण शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचं मासिक झालं. मग 1930 मध्ये ‘स्त्री’ निघालं आणि 1934 मध्ये ‘मनोहर’. एका घरातून तीन नियतकालिकं आणि तिन्हींचा वाचक वेगळा. आजच्या निशवाल्याने हेवा करावा अशी ही रचना.

तरी दोन्हींत एक मोठा फरक आहे. ‘स्त्री’ला वर्गणीदार होते. त्यांची नावं आणि पत्ते कार्यालयात होते, त्यांची रागाची आणि आनंदाची पत्रं येत होती. अंक उशिरा आला तर विचारणारं कुणीतरी होतं. बर्फाच्या यंत्राच्या साइटला लाखभर माणसं भेट देतात, पण ती साइट उद्या नाहीशी झाली तर कुणीही विचारत नाही, कारण आपण त्या साइटवर गेलो होतो हेच कुणाला आठवत नाही. माणूस गूगलला प्रश्न विचारतो, पहिलं पान उघडतो, उत्तर घेतो, निघून जातो. निशवाल्याची मिळकत प्रश्नातून येते, आणि प्रश्न विचारणाऱ्याशी त्याचा संबंध अर्ध्या मिनिटाचा असतो. साइटची संख्या वाढली की हा अर्ध्या मिनिटाचा संबंध दहा ठिकाणी होतो, पण तेवढ्याने त्याची लांबी वाढत नाही. दहा विषयांमुळे लिहिणाऱ्याचा एकही विषय पक्का होत नाही, हा तोटा वेगळाच. उतारावरच्या गवतावर चाळीस लेख लिहून माणूस त्यात थोडाफार तरी जाणकार व्हायला हवा. पण तोवर तो कुत्र्यांच्या पट्ट्यांकडे वळलेला असतो.

मराठीत हे अगदी जवळून दिसतं. 2018 मध्ये ॲडसेन्सने मराठी स्वीकारलं आणि तोवर बहुतेक हौसेने चाललेल्या मराठी ब्लॉगविश्वात धंद्याचं गणित शिरलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, शाळेचे निबंध, बाजारभाव, भरती आणि सरकारी योजना ही मराठीतली चलती नाणी. दर कमी, म्हणून माणसं जास्त हवीत, म्हणून सगळ्यांना एकदम पडणारा प्रश्न हवा. असा प्रश्न सरकारने 28 जून 2024 ला दिला. अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिन्याला 1,500 रुपये, आणि पुढचे काही महिने लाखो बायका मोबाइलवर अर्ज, यादी आणि हप्त्याची तारीख शोधत होत्या. या नावाच्या खासगी साइटही मग दिसू लागल्या. त्यांतल्या काहींनी अर्ज कसा भरायचा ते खरोखर सोप्या भाषेत सांगितलं, आणि ते काम सरकारी पोर्टलपेक्षा बरं झालं, हे कबूल करायला हवं. पण ‘पुढचा हप्ता कधी?’ या मथळ्याखाली आठशे शब्द आणि त्यांत तारीखच नाही, असली पानंही तितकीच होती. तारीख लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हती, ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. बाई खालपर्यंत वाचत गेली तेवढ्यात चार जाहिराती दिसल्या आणि पानाचं काम झालं. मिनेसोटातल्या माणसाचं फार तर यंत्र चुकतं. इथे जिचा वेळ आणि मोबाइलचा डेटा जातो तिला त्या 1,500 रुपयांची गरज असते. त्या बर्फवाल्या तरुणाला मी सहज माफ करतो, या दुसऱ्याला माफ करणं मला जड जातं.

आता तो अर्ध्या मिनिटाचा संबंधही आटतो आहे. गूगलने मे 2024 मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात शोधाच्या निकालावरच यंत्राने तयार केलेलं उत्तर द्यायला सुरुवात केली. प्यू संशोधन संस्थेने मार्च 2025 मधल्या अमेरिकन लोकांच्या वापराची नोंद तपासली. असं उत्तर वर दिसलं तर शंभरांतल्या आठ वेळा लोक खालच्या एखाद्या लिंकवर जातात, न दिसलं तर पंधरा वेळा. ज्याची सगळी मिळकत उत्तर देण्यावर होती, त्याच्या जागी आता खुद्द वेसच उत्तर देऊ लागली आहे. तेही त्याच्याचसारख्यांच्या पानांवरून शिकून. यातली चोरी किती आणि रीतसर व्यवहार किती, हा वाद न्यायालयांत मिटेल तेव्हा मिटेल.

या धंद्यात खात्रीने कमावणारे कोण, तर तो शिकवणारे. अमेरिकेतले पॅट फ्लिन 2008 मध्ये वास्तुरचनेच्या कंपनीतली नोकरी गेल्यावर परीक्षेच्या तयारीच्या साइटवर पोट भरू लागले, मग त्यांनी सुरक्षारक्षकांच्या प्रशिक्षणावर साइट काढून ती कशी उभी राहते ते सगळ्यांसमोर दाखवलं. दर महिन्याचा जमाखर्च ते छापत. तो वाचायला लोक नावाने त्यांच्याकडे येऊ लागले, आणि त्यांचा खरा धंदा या लोकांवर उभा राहिला. परीक्षा आणि सुरक्षारक्षक मागे राहिले. आपल्याकडेही कमाईचे स्क्रीनशॉट दाखवून कोर्स विकणारे पुष्कळ झाले. फ्लिन यांच्याजवळ दाखवायला निदान खरे आकडे तरी होते.

संख्येचं टोक कुठवर जातं, याचीही गोष्ट आहे. ‘द हेअरपिन’ ही स्त्रियांची अमेरिकन साइट 2010 ते 2018 चालली. तिखट, विनोदी आणि वाचकांच्या जिव्हाळ्याची. ती बंद पडली आणि डोमेन सुटलं. सर्बियातल्या एका डीजेने ते विकत घेतलं. त्याच्याकडे अशा दोन हजारांहून जास्त साइट असल्याचं ‘वायर्ड’ या नियतकालिकाने 2024 मध्ये छापलं. तिथे त्याने यंत्राने लिहिलेला मजकूर भरला. जुने काही लोकप्रिय लेख ठेवले, पण लेखिकांची नावं काढून त्या जागी पुरुषांची नावं घातली. दोन हजार साइट असलेल्या माणसाला नवं डोमेन हजारभर रुपयांत मिळालं असतं. तरी त्याने हेच घेतलं, कारण या नावावर एके काळी माणसं ठरवून येत होती आणि दुसऱ्यांच्या साइटवर या नावाचे दुवे अजून शिल्लक होते.