आधी बागेची हकीकत विचार

चि. बापू,


द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आता तू सांभाळतोस, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. निफाडच्या माणसाला तासगावच्या माणसाचा सल्ला घरबसल्या मिळतो, ही आमच्या पिढीला न मिळालेली सोय आहे. पण बांधावरच्या शेजाऱ्याला आपली जमीन, पाणी, छाटणीची तारीख ठाऊक असायची. तासगावकराला हे सगळं कोण सांगणार?

परवा तू मला पाठवलेला फोटोच घे. एक पिवळं पान, खाली ‘काय मारू?’ आणि त्याखाली औषधांची रांग. ते पान शेंड्याचं की बुडाचं, हे कोणीच विचारलं नाही! शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. बुडाची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडत असतील, तर मॅग्नेशियमकडे बघायचं आणि पोटॅश जास्त गेलंय का, तेही विचारायचं. डाग तेलकट दिसला, तर पान उलटून फोटो मागव. खाली पांढरी बुरशी असेल तर तो डाऊनी मिल्ड्यू रोग, तिथे खत देऊन काय होणार?

म्हणून जात, खुंट, जमीन, छाटणीनंतरचा दिवस, पाऊस आणि आधीचा फवारा एवढं प्रश्नासोबत येऊ दे. त्याचा लांबलचक फॉर्म मात्र करू नकोस. दिवसभर फवारणी करून दमलेला माणूस तो भरणार नाही, प्रश्न विचारायचंच सोडून देईल. राहिलेलं तूच आपुलकीने विचारून घे.

सांगणाऱ्यालाही हेच लागू. ‘माझ्याकडे रिझल्ट आला’ म्हणणाऱ्याने कुठल्या जातीवर, कितव्या दिवशी, तेही सांगावं. थॉम्पसन जातीचं जीएचं (जिब्रेलिक अ‍ॅसिडचं) प्रमाण दुसऱ्या जातीला जसंच्या तसं चालत नाही.

बिनतारखेच्या फॉरवर्डची मला खरंच धास्ती वाटते. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि निर्यातीला जबर फटका बसला. वेलीची वाढ आवरायला वापरतात ते हे औषध. छाटणीनंतर लगेच दिलेला सल्ला काढणीच्या तोंडावर कोणी वाचला आणि फवारा मारला, तर वर्षाची मेहनत गेली. असा मेसेज दिसला की बिनधास्त काढून टाक, कोणी रुसलं तरी चालेल.

आणखी एक. उपाय केल्यावर आठवड्याभराने त्याच पानांचा फोटो, त्याच प्रश्नाला रिप्लाय करून मागव. गुण आला नसेल तर जास्तच आग्रहाने मागव. पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर हाच प्रश्न विचारणाऱ्याला सगळी हकीकत एका जागी सापडेल.

सुरुवात तुझ्याच खालच्या प्लॉटपासून कर. माती-पाणी तपासणीचे रिपोर्ट घरात आहेत, ते जोडून पहिला प्रश्न तूच टाक. बाकीचे तुझं बघून लिहायला लागतील.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा