'फक्त चव पाहतो' : जवाच्या मद्याविषयी



मद्य निषिद्ध आहे, हे मुस्लिम घरातल्या लहान मुलालाही वेगळे सांगावे लागत नाही. मग या विषयावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे तुम्ही विचाराल. प्रयोजन एवढेच की, आपल्या शिकलेल्या, कमावत्या मुलांसमोर आज मद्य हे 'मद्य' या नावाने येतच नाही. गुत्त्याच्या दारात ती जाणार नाहीत. परंतु 2009 मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत स्वतःची बिअर स्वतःच्याच टाक्यांत तयार करणाऱ्या जागा वाढत गेल्या. तेथे काचेआड चकचकीत टाक्या दिसतात आणि फळ्यावर पेयांची नावे लिहिलेली असतात. शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयातील मंडळी तेथे जमतात. लाकडी फळीवर चार-सहा लहान पेले मांडून येतात. एकात संत्र्याची साल आणि धणे घातलेले असतात, दुसऱ्याला केळी-लवंगेचा वास असतो, तिसरा भाजलेल्या जवामुळे कॉफीसारखा काळा असतो. आपला मुलगा म्हणतो, "मी पीत नाही, फक्त चव पाहतो. ही तर एक कला आहे."

कला आहे, हे मान्य करू. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, गरम पाण्यात त्यातील पिष्टाची साखर होऊ द्यायची, तो गोड काढा हॉप्स घालून उकळायचा, थंड करून त्यात यीस्ट सोडायचे, याला कसब लागते. परंतु त्या यीस्टचे काम काय? साखर खाऊन तिचे अल्कोहोल करणे. संत्र्याची साल ही वरची सजावट आहे. अल्कोहोल हा त्या पेयाचा गाभा आहे.

आता थोडा हिशेब करू. लहान पेला 100 मि.ली.चा धरला तर सहा पेल्यांचे 600 मि.ली. होतात. बाजारातील मोठी बाटली 650 मि.ली.ची असते. म्हणजे जो 'फक्त चव' पाहून उठला, तो जवळजवळ एक मोठी बाटली रिचवून उठला आहे. पाच टक्के अल्कोहोल धरले तर त्याच्या पोटात 30 मि.ली. शुद्ध अल्कोहोल गेले आहे. पेला लहान केल्याने वस्तू लहान होत नाही.

काही तरुणांना वाटते की, कुरआनातील 'खम्र' म्हणजे अरबांची द्राक्षाची दारू. बिअरचा तेथे काय संबंध? हा संबंध प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हयातीतच विचारला गेला होता. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना यमनला पाठविण्यात आले. तेथे मधापासून 'बित्अ' आणि जवापासून 'मिज्र' नावाचे पेय होत असे. त्यांनी त्याविषयी विचारले तेव्हा, नशा आणणारी प्रत्येक वस्तू हराम आहे, असे उत्तर मिळाले. हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदले आहे. यमनच्याच एका माणसाने याच 'मिज्र'विषयी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) एकच प्रतिप्रश्न केला की, त्याने नशा येते काय? मिज्र म्हणजे धान्याची बिअरच. ती किती घेता, कोणत्या पेल्यात घेता, चवीसाठी घेता की कैफासाठी, हे विचारले गेले नाही. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून खम्र होणाऱ्या पाच वस्तू मोजल्या, त्यांत द्राक्ष, खजूर, मध आणि गहू यांच्याबरोबर जवही होता. बुद्धीवर जे पडदा टाकते ते खम्र, ही त्यांची व्याख्या. थोड्याचा प्रश्नही उघडा ठेवलेला नाही. जास्त प्रमाणात जे नशा आणते त्याचे थोडेही निषिद्ध आहे, हे प्रेषितवचन अबू दाऊद व तिरमिजी यांनी दिले आहे.

आता एक अडचणीची गोष्ट. वाचणारी मुले शोधून काढतात की, इमाम अबू हनीफा (रह.) यांनी जव, गहू आणि मध यांच्या पेयांबाबत सवलत दिली होती. हे खोटे नाही आणि ते लपविण्याचे कारणही नाही. नशा न येईल इतक्या प्रमाणाविषयी त्यांचे आणि इमाम अबू यूसुफ (रह.) यांचे मत वेगळे होते. परंतु त्या मतालाही अट होती की, पिणे करमणुकीसाठी आणि मौजेसाठी नसावे. शुक्रवारच्या मैफिलीतील फळीवरचे पेले मौजेसाठी नसतील तर कशासाठी असतात? शिवाय इमाम मुहम्मद (रह.) यांनी थेंबही निषिद्ध मानला आणि हनफी फतवा त्यांच्याच मतावर आहे. इमाम मालिक, इमाम शाफिई आणि इमाम अहमद (रह.) यांचेही तेच म्हणणे. म्हणजे मराठवाड्यातले हनफी घर असो वा रत्नागिरी-रायगडचे शाफिई घर असो, या प्रश्नावर दोघांचे उत्तर एकच आहे. अर्धवट वाचलेल्या फिकहचा आधार घेण्यापेक्षा "मला मोह होतो" असे म्हणणारा माणूस मला अधिक प्रामाणिक वाटतो.

जवाशी इस्लामचे वैर नाही. प्रेषितांसाठी (स.) खजूर पाण्यात भिजवून ठेवीत आणि ते गोड पाणी ते पीत असत, तीन दिवसांपलीकडे मात्र ते ठेवले जात नसे. नशेचा लेशही नसलेले जवाचे पेय या जातीचे आहे. पण बिअर तयार करून मागाहून अल्कोहोल काढलेल्या बाटल्यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत, तेव्हा आपल्या आलिमांना विचारावे. मला विचाराल तर तोच पेला आणि तेच नाव हवेच कशाला?

खरी अडचण चवीची नसते, एकटे पडण्याची असते. नवी नोकरी, नवे शहर, सारे निघाले आणि आपण नाही म्हणायचे! पण ज्या दस्तरख्वानावर मद्य फिरते तेथे बसण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. तेव्हा मुलांनो, आयत्या वेळी सबब सांगू नका. पहिल्याच आठवड्यात हसतमुखाने सांगून टाका, "मी पीत नाही आणि तेथे बसतही नाही, दुपारच्या जेवणाला मात्र हमखास येईन." तुमच्या हिंदू आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांतही न पिणारे असतात. कोणीतरी बोलण्याची ते वाट पाहत असतात. हॉटेल व्यवस्थापन शिकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, मद्याबाबत ज्या दहा जणांचा धिक्कार करण्यात आला आहे, त्यांत ते वाहून आणणारा आणि पाजणाराही आहे. नोकरीचा करार करण्यापूर्वीच काम कोणते, हे विचारून घ्यावे.

आणि अम्मी-अब्बांनो, एखाद्या रात्री मुलाच्या तोंडाला वास आला तर? बुखारीत एका माणसाचा प्रसंग आहे. मद्यपानासाठी त्याला वारंवार शिक्षा झाली होती. पुन्हा आणला गेला तेव्हा कोणीतरी त्याला शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्या शाप देणाऱ्याला रोखले आणि सांगितले की, हा अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. शिक्षा माफ झाली नव्हती, पण त्याला उम्मतीबाहेर ढकललेही गेले नव्हते. तेव्हा मोहल्ल्यात बोभाटा करू नका, मामा-चाचांची पंचायत बोलावू नका. मद्य पिणाऱ्याची नमाज चाळीस दिवस स्वीकारली जात नाही, असे एका हदीसमध्ये आले आहे. ते ऐकून काही मुले नमाजच सोडून देतात, आणि घरचेही "आता कशाला?" म्हणतात. हा गैरसमज आहे. सवाब गेला तरी फर्ज डोक्यावरून उतरत नाही, आणि तौबेचे दार बंद होत नाही. नशेत नमाजच्या जवळ जाऊ नये, हा सूरह निसामधला आदेश शुद्ध येईपर्यंतचा आहे. शुद्ध आली की फजरला त्याला नेहमीसारखी हाक मारा. रात्रीची गोष्ट नमाजनंतर, दोघेच असताना बोला.