पंचविसावा गुरू आणि भाड्याची गाडी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



जयंतीच्या अंकासाठी काही लिहा असं मंडळी दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी मी श्रीगुरुचरित्रातला एखादा प्रसंग घेऊन बसतो. यंदा मात्र मोटारीच्या ऑइल फिल्टरबद्दल लिहितो आहे. हसू नका. ज्या अवधूताने पतंग, मासा आणि कोळी यांनाही गुरू मानलं, त्याच्या दारी फिल्टरला मज्जाव नसावा.

भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात, यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. हा अवधूत म्हणजेच आपले दत्तप्रभू, अशी आपल्या संप्रदायाची श्रद्धा. चोवीस गुरू आपल्याला पाठ असतात. पृथ्वी, वायू, आकाश इथून सुरू होऊन कुंभारीण माशीपर्यंत चोवीस. पण चोवीस झाल्यावर अवधूत थांबत नाही. तो म्हणतो, हा माझा देहसुद्धा माझा गुरू आहे, कारण याच्याकडूनच मी विवेक आणि वैराग्य शिकलो. आणि लगेच सांगतो की हा देह परक्याचा आहे, हे ओळखूनच मी हिंडतो. परक्याचा! वापरायला मिळालेला, मालकीचा नव्हे. या एका शब्दाचा अर्थ मला सत्तरीकडे झुकताना, समृद्धी महामार्गाच्या कडेला उभं राहून कळला.

झालं असं. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने दीड वर्षापूर्वी एक मोटार लीजवर घेतली. आमच्या बँकेच्या काळात गाडी म्हणजे कर्ज, हायपोथिकेशन आणि हप्ते. हप्ते फिटले की गाडी आपली. लीजचं तसं नसतं. गाडी कंपनीची. पोराने तीस हजार डिपॉझिट भरायचं, रोजचं भाडं द्यायचं, गाडी टॅक्सी म्हणून चालवायची आणि मुदत संपली की परत करायची. करारात एक ओळ होती : दर दहा हजार किलोमीटरला इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर बदलणे ही चालवणाऱ्याची जबाबदारी.

त्याचा हिशेब मी लिहायचो. छत्तीस वर्षं लेजर लिहिलं, हात कुठे स्वस्थ बसतो? सीताबर्डी, विमानतळ, बुटीबोरी अशा फेऱ्या धरून गाडी रोज १८० किलोमीटर चालायची. घरच्या गाडीला दहा हजार व्हायला वर्ष लागतं. टॅक्सीला पंचावन्न-छप्पन दिवस पुरतात. म्हणजे दर दोन महिन्यांनी सर्व्हिस. एका वेळचा खर्च तीन हजारांच्या घरात, आणि त्यात नुसता फिल्टर म्हणाल तर तीनशे रुपयांच्या आत.

श्रावणात धंदा मंद होता. पोरगा म्हणाला, "काकाजी, सर्व्हिस आली आहे, पण हात तंग आहे. काय करू?"

मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "ढकल दोन महिने. वरून थोडं ऑइल टाकत जा. गाडी काय आपली आहे?"

हे वाक्य त्याचं नाही, माझं आहे. म्हणूनच आज लिहितो आहे.

दोन महिन्यांचे चार झाले. मार्गशीर्षात जयंतीच्या आधी आईने इच्छा सांगितली. वय शहाऐंशी. "एकदा कारंज्याला गुरुमंदिरात नेऊन आणा रे." श्रीनृसिंह सरस्वती महाराजांचं जन्मस्थान, वाशीम जिल्ह्यातलं कारंजा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हापासून कारंजा आपल्याला जवळच झालं आहे. निघालो. धामणगाव मागे पडलं आणि डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. पोरगा म्हणाला, "पुढच्या इंटरचेंजवर पाहून घेऊ जी." पाच-सहा मिनिटांत इंजिनातून खडखड आवाज आला आणि गाडी कडेला जाऊन जी थांबली ती थांबली.

उन्हात, दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेतं, आणि आई मागच्या सीटवर मांडीवर पोथी घेऊन बसलेली. उचलणारी गाडी यायला तीन तास लागले. दर्शन राहिलं.

आमच्या शेजारी एस. टी. महामंडळाच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहतात. गॅरेजमधून काढलेला फिल्टर मी त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो डबा हॅक्सॉने कापून माझ्यासमोर उघडला. आत घड्या घातलेला कागद असतो, पंख्यासारखा. इंजिन चालताना लोखंडाचा बारीक कीस, काजळी, धूळ ऑइलमध्ये मिसळते. पंप ते ऑइल या कागदातून ढकलतो, घाण कागदावर राहते, स्वच्छ ऑइल बेअरिंगकडे जातं. मोटारींना असा फिल्टर बसू लागला तो साधारण शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात. आमच्या डब्यातला कागद दिसतच नव्हता. घड्यांमध्ये डांबरासारखा काळा गाळ भरलेला, आणि त्यात चमचम करणारे धातूचे कण.

मी विचारलं, "फिल्टर इतका बंद झाला होता, तर गाडी इतके दिवस चालली कशी?"

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, तीच तर मेख आहे. फिल्टर चोंदला तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून एक बायपास व्हॉल्व्ह असतो. दाब वाढला की तो उघडतो, आणि ऑइल न गाळता तसंच पुढे जातं. गाडी चालते, आवाज नाही, दिवा नाही. आतून मात्र बेअरिंग घासत राहतं. मग गाळ ऑइल ओढणाऱ्या जाळीपर्यंत पोहोचतो, दाब पडतो आणि तेव्हा दिवा लागतो. लाल दिवा म्हणजे सूचना नव्हे भाऊ, निकाल असतो. लागला की त्याच जागी इंजिन बंद करायचं."

सज्जनहो, त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्यालाही देवाने असाच एक फिल्टर दिला आहे. त्याला विवेक म्हणतात. दिवसभरात कानांतून, डोळ्यांतून काय काय आत येतं! रोजची संध्या, नामस्मरण, पोथीचा अध्याय, झोपण्यापूर्वी स्वतःला विचारलेले दोन प्रश्न, ही त्या फिल्टरची सर्व्हिस. ती चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी पडत नाही. माणूस चालत राहतो, हसतो-बोलतो, आरतीलाही उभा राहतो. पण गाळणं बंद झालेलं असतं. ‘ढकल दोन महिने, गाडी काय आपली आहे?’ हे माझ्या तोंडून सहज निघालं, तेव्हाच माझा बायपास उघडला होता. मला पत्ताही नव्हता.

खरी परीक्षा पुढे होती. गॅरेजवाल्याने इंजिनाचं काम बहात्तर हजारांचं सांगितलं. आणि हळूच म्हणाला, "काका, दोन सर्व्हिसची मागच्या तारखेची बिलं करून देतो. बुकात शिक्का मारून देतो. इंजिनच खराब होतं म्हणा, कंपनी भरेल."

आता तुम्हाला खरं सांगतो. मी लगेच नाही म्हणालो नाही. छत्तीस वर्षं एक खोटं व्हाउचर पास केलं नाही, आणि त्या संध्याकाळी मी मनात तारखा जुळवत बसलो होतो. पोराचं डिपॉझिट बुडणार होतं, वर कर्ज होणार होतं. शिवाय मिस्त्री बोललेच होते की गाळ पाहता आधीच्या चालवणाऱ्यानेही फिल्टर वेळेवर बदललेला नसावा. म्हणजे सबब तयार होती.

बी.कॉम.ला आम्हाला १८७२ चा करार कायदा होता. त्यात बेलमेंट, म्हणजे दुसऱ्याची वस्तू ठराविक कामासाठी आपल्या ताब्यात येणं. कलम १५१ परीक्षेसाठी घोकलं होतं. त्याचा आशय असा की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो, तेवढीच त्याने ताब्यात आलेल्या परक्या वस्तूची घ्यावी. हे काही इंग्रजांनी शिकवलं असं नव्हे. मनुस्मृतीत वादाचे जे अठरा विषय सांगितले आहेत, त्यात कर्जाच्या पाठोपाठ दुसराच विषय ‘निक्षेप’ म्हणजे ठेव हा आहे. ठेव हा शब्द ज्याच्या पोटापाण्याचा, त्यानेच तो विसरावा?

सकाळी आई देवापुढे बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिने रागावलं नाही. एवढंच विचारलं, "शेजारणीचा गंज आणला तर आपण परत कसा देतो रे?"

मी म्हणालो, "घासून-पुसून, आणि आत काहीतरी घालून."

"रिकामा देत नाही ना? मग गाडी मोडून, वर खोटं बोलून परत देणार का?"

दुपारी काका-पुतणे दोघं कंपनीच्या कार्यालयात गेलो आणि खरं ते सांगितलं. सल्ला माझा होता हेही सांगितलं. डिपॉझिट कापलं गेलं. उरलेल्या बेचाळीस हजारांपैकी निम्मे मी माझी एफ. डी. मोडून भरले, निम्मे पोराने दहा हप्त्यांत. चमत्कार काही झाला नाही. फक्त कराराचं नूतनीकरण झालं, आणि आता दर सर्व्हिसला तो जुना फिल्टर पिशवीत घालून मला आणून दाखवतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आता लीजची किंवा भाड्याची गाडी असते. माहूर, गाणगापूर, नरसोबाची वाडी अशा यात्रांना आपण गाडी ठरवतो. तेव्हा चार गोष्टी व्यवहाराच्या. करारात सर्व्हिस कोणाकडे आहे ते आधी वाचा. महिने मोजू नका, किलोमीटर मोजा, आणि मुदत व किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल ते धरा. ऑइल बदलताना फिल्टरही बदलला का, ते बिलावर पाहा. वरून ऑइल टाकणं म्हणजे बदलणं नव्हे. आणि यात्रेला निघताना चालकाला प्रेमाने विचारा, "दादा, ऑइल-फिल्टर कधी बदललं?"

पण गाडीपुरतं हे राहू नये. अवधूताच्या गुरूंमध्ये सापही आहे, तो स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्याच्या बिळात राहतो. स्वतः दत्तप्रभू स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला करतात अशी श्रद्धा आहे. कुठेही मालकी नाही. पण मालकी नाही म्हणजे हेळसांड नव्हे. ‘माझं नाही’ हे वाक्य बेफिकीर माणूसही म्हणतो आणि विरक्तही म्हणतो. बेफिकीर ते म्हणून वस्तू टाकून देतो. विरक्त ती ठेव समजून दुप्पट जपतो. हा देह, वाडवडिलांचं घर, हे मंदिर, पंगतीची भांडी, विहिरीचं पाणी, सगळं आधीच्यांकडून आलं आणि पुढच्यांकडे जायचं. आधीच्याने फिल्टर बदलला नाही, ही आपली सबब होऊ शकत नाही. आपल्या पाळीत किती किलोमीटर झाले, एवढंच आपल्याला विचारलं जाईल.

आई या वर्षी सत्त्याऐंशीची झाली. गेल्या महिन्यात तिला कारंज्याला नेलं, त्याच गाडीने. निघण्यापूर्वी पोराने बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसली, पुन्हा बुडवून पाहिली आणि म्हणाला, "काकाजी, चला. साफ आहे."

महाराजांपुढे हात जोडले तेव्हा मागितलं ते एवढंच, की माझ्याबद्दलही कोणाला कधी असं म्हणता यावं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!